चार इंच वर

३ मार्च

पुन्हा तेल! गाडीखाली काळा डाग, बशीएवढा. काल वाटीएवढा होता. पालथा पडून बघितलं तर गिअरबॉक्सच्या बाजूने ठिबकतंय. बघून झालं, पण उठता येईना. हिला हाक मारली. हिने हात दिला आणि विचारलं, गाडी ठिबकते तर तुम्ही का आडवे पडता?

मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, काका, एवढ्या जुन्या गाडीला एवढं चालायचंच. चालायचंच म्हणजे किती दिवस चालायचं, हे विचारेपर्यंत त्याने फोन ठेवला.

५ मार्च

आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे हिची थोरली बहीण. डोंगरावर एकटी राहते. घरमालकाने घर विकलं, महिनाअखेर खाली करायचं आहे. मुलगा म्हणतो माझ्याकडे ये. मुलगा राहतो लांब परमुलखात, चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही! आक्काचे गुडघे कामातून गेलेले. एकदा वर चढली की खालचं जग संपलं. हिने फोन ठेवला आणि बराच वेळ पदराशी चाळा करत बसली.

लिफ्ट नाही हे मला फार लागलं. मी जन्मभर ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवली. आयुष्यभर वर-खाली केलं, आडवा कुठे गेलोच नाही. म्हणून तर रिटायर झाल्यावर ही गाडी घेतली. जुनी, पण चारही चाकांना जोर. चिखल, दगड, डोंगर, कशावरही चढते म्हणतात. मी अजून भाजीबाजारापलीकडे नेलेली नाही. पण चढू शकते, हे मनात असलं की बरं वाटतं.

ही म्हणाली, "आक्काला इथेच आणू या का?"

मी म्हणालो, माझी ना नाही, पण ठेवायची कुठे? दोन खोल्या. त्यात आपण दोघंच एकमेकांवर आपटतो.

"बघू," म्हणाली. ही "बघू" म्हणाली की मी उठून गाडी पुसायला जातो.

७ मार्च

ठरलं. म्हणजे हिने ठरवलं, मला कळवलं. आक्काला आणि तिच्या सामानाला आपल्याच गाडीतून खाली आणायचं. पुढे ती मुलाकडे जाईल नाहीतर काय ते नंतर. पण डोंगराचा रस्ता कच्चा, वाटेत ओढा, एका बाजूला दरी! मी म्हणालो, गाडी अजून तयार नाही. ही म्हणाली, मग करा तयार.

जेवण गेलं नाही.

९ मार्च

मिस्त्री घरीच येतो. गॅरेजपर्यंत गाडी न्यायची म्हणजे मोठा चौक ओलांडावा लागतो आणि तिथे चारही बाजूंनी माणसं येतात. त्यापेक्षा शेडमध्ये काम बरं. शेड कसली, खोलीच आहे. फरशी घातली, खिडकी ठेवली, गाडीला उकडू नये म्हणून पंखाही लावला. ऊन, धूळ, मांजरं, काही म्हणून आत येऊ देत नाही. या गाडीने माझ्याकडे आल्यापासून एकही रात्र बाहेर काढलेली नाही.

मिस्त्री म्हणाला, दगडांवर पोट घासेल, गाडी वर उचलावी लागेल. जाड पाट्यांच्या नव्या स्प्रिंगा आणि मोठे टायर. मला वाटलं आता ही खर्चावरून बोलणार. तर ही म्हणते, "उचलायचीच तर नीट उचला. अर्धवट काम नको."

इतक्या वर्षांत गाडीच्या बाजूने पहिलं वाक्य! माझे डोळे भरून आले. ग्रीसचा हात डोळ्याला लागला, मग आणखी भरून आले.

नंतर ही इंचटेप घेऊन शेडमध्ये फिरत होती. काय करतेस विचारलं तर खिडकीला पडदा शिवायचाय म्हणाली. शेडला पडदा! पण बरंच आहे. उन्हाने डॅशबोर्ड तडकलाय.

१२ मार्च

ओढ्यात इंजिनाच्या नाकात पाणी गेलं तर? म्हणून बॉनेटच्या बाजूने टपापर्यंत हवेची नळी लावून घेतली. आता गळ्यापर्यंत पाणी आलं तरी गाडी श्वास घेणार. आम्ही घेणार की नाही, हा विचार नंतर सुचला.

समोरचा शिंपी मशीनवरून उठून बघायला आला. गाडीभोवती फेरी मारली, नळीकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "लिफ्टमन, डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत?"

मी त्याच्याशी बोलत नाही.

१४ मार्च

डॅशबोर्डवर गवंड्याची पाणसळ चिकटवली. बुडबुडा मध्ये असेल तर गाडी सरळ. बुडबुडा दिसला नाही तर आपण दरीत.

१५ मार्च

माळ्यावरून माझ्या लिफ्टची पाटी काढली. "आठ माणसे किंवा ५४४ किलो फक्त." रिटायर होताना साहेबांनी प्रेमाने दिली होती. ती आणि लिफ्टची घंटा, दोन्ही गाडीत लावलं. मिस्त्री म्हणाला, गाडीची ताकद याच्यापेक्षा जास्त आहे काका. असेल. पण पाटी म्हणजे पाटी. या पाटीखाली मी जन्मभर, मला सोडून, नववा माणूस घेतला नाही. मोठ्या साहेबांनाही जिन्याने पाठवलं होतं.

घंटा मागे बसणाऱ्यासाठी. घाबरायला झालं तर एकदा वाजवायची, फार घाबरायला झालं तर दोनदा. ही म्हणाली, "गाडी चालवणाऱ्याने घंटा कशी वाजवायची ते ठरवा आधी."

१८ मार्च

उचलली! काय दिसते! जशी काही फडताळावर चढून बसली आहे. चार इंच स्प्रिंगांचे, वर टायरचे काही. मिस्त्रीने जॅक काढला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. हिला म्हटलं बसून बघ. हिचा पाय पायरीपर्यंत पोचेना. स्टूल आणलं. स्टुलावरून ही चढली, मग स्टूल वर कोणी घ्यायचं यावर चर्चा झाली. शेवटी स्टुलाला दोरी बांधली.

चहा पिऊन आलो तर जुन्या स्प्रिंगा गायब. हिने भंगारवाल्याला देऊनही टाकल्या! फुटकी बादली आठ वर्षं जपून ठेवणारी बाई. म्हणाली, पायात येत होत्या.

१९ मार्च

लिहवत नाही. तरी लिहितो.

आज गाडी बाहेर काढायची होती. चालू केली, गिअर टाकला, घंटा वाजवली, दोन हात पुढे गेलो. मग वरून खर्रर्र! टप दाराच्या वरच्या तुळईला अडला. टपावरचं कॅरिअर काढलं. नळीची टोपी काढली. तरीही दोन बोटं जास्तच.

गाडी आत होती तेव्हाच उचलली! बाहेर कशी येणार, हा विचार मी केला नाही, मिस्त्रीने केला नाही. काळजी करण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. ब्रेकची केली, दरीची केली, मांजरांची केली. दाराची तेवढी राहिली.

तुळई काढता येत नाही, वर पाण्याची टाकी आहे. जुन्या स्प्रिंगा भंगारात गेल्या. मिस्त्री डोकं खाजवत उभा होता. शिंपी समोरून म्हणाला, मी कपडा बेतताना आधी गळ्याचं माप घेतो.

हिने मात्र मला अजून एक कप चहा दिला. रागावली असती तर परवडलं असतं.

२१ मार्च

पुढच्या बंपरला विंच आहे. इलेक्ट्रिकचा रहाट म्हणा. मिस्त्री म्हणाला नका. तरी तार ओढत नेऊन शिंप्याच्या फाटकाला अडकवली आणि बटण दाबलं. वाटलं, जोराने ओढली की टप थोडा दबेल आणि निघेल. गाडी जागची हलली नाही. शिंप्याचं फाटक मात्र आमच्या दारात आलं.

आता शिंपी माझ्याशी बोलत नाही.

२३ मार्च

आक्काने सामान बांधायला घेतलं आहे. मुलगा तिला न्यायला रविवारी येणार. तो तिला वर नेणार आणि मग ती खाली कधी यायची! हिचं तेच चाललं आहे, जेवताना घास हातातच राहतो. आणि मी इथे शेडमध्ये. चारही टायरची हवा निम्मी सोडली. एक बोट मिळालं. एक बोट बाकी! एका बोटासाठी एक म्हातारी चौथ्या मजल्यावर अडकणार.

मी हिला म्हणालो, चूक माझी आहे. भाड्याची गाडी करू. ही म्हणाली, "भाड्याची कशाला? आपली एवढी उचललेली असताना?"

मग तिने फोनाफोनी सुरू केली.

२४ मार्च

सकाळी हिच्याबरोबर बागेत फिरणाऱ्या बायका आल्या. सगळ्या! कोणाच्या अंगाबद्दल बोलू नये, पण त्या आमच्या फाटकातून एकेक करूनच आल्या, दोघी एकदम येऊ शकल्या नाहीत. हिची युक्ती साधी. आपण सगळ्यांनी आत बसायचं, स्प्रिंगा दबतील, गाडी खाली जाईल, तेवढ्यात बाहेर काढायची.

स्टूल ठेवलं. एकेक चढवली. प्रत्येकीला गाडी थोडी कण्हायची. आठ झाल्या. नववी स्टुलावर उभी राहिली आणि मी आडवा आलो. पाटी दाखवली.

"अहो, सरका," ही म्हणाली.

मी म्हणालो, नाही म्हणजे नाही, पाटी लावली आहे. ही म्हणाली पाटी तुम्हीच लावलीत. मी म्हणालो म्हणूनच. मागच्या बाकावरच्या दुधाच्या डेअरीवाल्या बाई म्हणाल्या, काका, मी उतरते, मला नाही तरी शरम वाटायला लागली आहे. तर बाकीच्यांनी त्यांना दंडाला धरून बसवलं, कारण त्या उतरल्या असत्या तर दोघींचं काम वाया गेलं असतं.

मिस्त्री तुळईखाली वाकून बघत होता. म्हणाला, अजून नखाएवढं हवंय.

शिंपी फाटक दुरुस्त करता करता थांबला. तो माझ्याशी बोलत नसल्यामुळे हिच्याशी बोलला. वहिनी, म्हणाला, यांच्यातल्या कोणाला खाली ठेवायचं आणि कोणाला वर घ्यायचं ते मी सांगू शकतो, सगळ्यांची मापं पाठ आहेत. पण धंद्याची शपथ आहे, सांगणार नाही. आतून आठही जणी एका सुरात म्हणाल्या, सांगूनच बघा!

स्टुलावरची नववी खाली उतरली. तिच्या जागी हीच चढली आणि मला हुकूम सोडला, "नववी मी. आता मला जिन्याने पाठवा!"

जिना नव्हता. काय करणार! जन्मात पहिल्यांदा नववा माणूस घेतला. डोळे मिटून गाडी सोडली. वर थोडं खरखरलं, घंटा वाजली, एकदा, दोनदा, मग सतत, आणि एकदम तोंडावर ऊन आलं. बाहेर!

बायका उतरल्या तशी गाडी फुगत फुगत वर गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. मग मागे वळून दाराकडे बघितलं आणि हात थांबले.

आता गाडी आत कशी जाणार?

ही म्हणाली, "बघू."

२६ मार्च

काल डोंगरावर जाऊन आलो. मी चालवली! मी!

निघताना ब्रेक तीनदा दाबून बघितला. चौक ओलांडला. चारही बाजूंनी माणसं आली आणि आपापल्या वाटेने गेली. कच्च्या रस्त्यावर छोटा दांडा ओढून चारही चाकांचा जोर दिला. गाडी गुरगुरत चढायला लागली. दगड पोटाखालून गेले, एकही लागला नाही. दरीच्या वळणावर बुडबुडा एका कडेला गेला. माझाही श्वास गेला. ही मागून म्हणाली, समोर बघा, बुडबुड्याकडे नको. समोर बघितलं. केवढं आभाळ होतं! लिफ्टमध्ये असताना आभाळ कसलं दिसतं!

ओढ्यात घोट्याएवढं पाणी. एक बदक उभं होतं. त्याने आमच्या नळीकडे बघितलं आणि बाजूला झालं.

आक्का दारात बोचक्यावर बसली होती. स्टुलावरून चढली, पाटी वाचली, म्हणाली, "आपण तिघंच आहोत ना? मग पाच बोचकी चालतील." उतरताना वाटभर तीच घंटा वाजवत होती. घाबरून नाही. आवडली म्हणून.

गाडी बाहेर राहिली. मी ताडपत्री घातली. दोनदा जाऊन बघून आलो. मांजर टपावर बसलं होतं.

२७ मार्च

आक्काची खाट तात्पुरती शेडमध्ये टाकली आहे. रविवारपर्यंतच. तिथे पंखा आहे, फरशी आहे. मी म्हणालो, बागेतल्या बायकांना रोज संध्याकाळी बोलवू, गाडी आत घेऊ, सकाळी पुन्हा बोलवू. हिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

२९ मार्च

मुलगा आला. शेडमध्ये आक्काजवळ बसला. पंखा बघितला, खिडकीतून समोरचा शिंपी बघितला. आक्का म्हणाली, "चार मजले मी नाही चढणार रे. इथे मला एक पायरी आहे आणि एक घंटा आहे." घंटा तिने गाडीतून काढून उशाशी लावून घेतली आहे! मला विचारलंही नाही. एकदा वाजवली की चहा, दोनदा वाजवली की ही.

मुलगा एकटाच परत गेला. जाताना माझ्या पाया पडला. मी काय केलं?

३१ मार्च

मिस्त्री तेल बदलायला आला होता, रस्त्यावरच. मी म्हणालो, त्या चार इंचांनी माझा घात केला. तो गाडीखालूनच म्हणाला, मी तर दोनच इंच सांगत होतो काका, दोन इंचांत गाडी आरामात आतबाहेर झाली असती. दाराचं माप घेऊन काकू आल्या आणि चारच करा म्हणाल्या. काकांना सांगू नका, फार काळजी करतात म्हणाल्या.

मी शेडकडे बघितलं. ही आणि आक्का खिडकीला पडदा लावत होत्या. अगदी बरोबर बसला. इकडे एक बोट जास्त नाही, तिकडे एक बोट कमी नाही.