पत्ता सांगणाराच झोपला

ती. आत्यास,

वाकून नमस्कार करायला तू समोर नाहीस, आणि असतीस तरी "पुरे गं" म्हणत मध्येच उठवलं असतंस, म्हणून इथूनच अर्धा नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन छान झालं म्हणे. तेव्हा माझं अक्षर वाचता येत नाही ही सबब आता चालणार नाही. बाबा ठणठणीत आहेत. आई गेल्यापासून घरात बोलायला मी एकटीच, म्हणून रोज संध्याकाळी माझ्या ऑफिसची खडान्‌खडा चौकशी करतात.

आता ऑफिसचं ऐक. आमची कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली, त्यामुळे सगळ्या सर्व्हरना नव्या घराण्याचं आडनाव लावायचं ठरलं. साहेब म्हणाले, सोमवारी ऑफिस उघडायच्या आत हे सुरळीत झालं तर मुख्य कचेरीत प्रमुख म्हणून तुलाच पाठवतो. (मी "बघू" म्हणाले. आतून उड्या मारत होते.) तर एका मोठ्या यंत्राच्या पोटात आमचे बरेच सर्व्हर भाडेकरूंसारखे राहतात. प्रत्येकाचा पत्ता म्हणजे आकड्यांची माळ, ती लक्षात कोण ठेवणार? म्हणून प्रत्येकाला नाव असतं, आणि कुठल्या नावाचा पत्ता कोणता हे सांगायला एक खास सर्व्हर, डीएनएस. मला शिस्तीचा झटका आला (हा आपल्या घराण्याचाच रोग). फर्मान काढलं, यापुढे आकडे बंद, जो तो नावाने हाक मारेल! सेटिंगमधले आकडे पुसून नावं घातली आणि यंत्रांच्या पेट्यांवरची आकड्यांची लेबलं खरवडायला आमच्या ऑफिसातल्या निवांतरावांना बसवलं. (हे नाव आम्ही ठेवलंय, आणि ते शोभतं.)

रविवारी दुपारी यंत्र बंद केलं, नवं आडनाव लावलं, सुरू केलं. यंत्र बंद असताना भाडेकरू शेजारच्या ज्या डिस्कच्या कपाटात झोपतात, ते कपाट यंत्र नावाने शोधायला लागलं. पत्ता सांगणार कोण? डीएनएस. आणि डीएनएस कुठे? त्याच कपाटात, इतरांबरोबर ढाराढूर! आत्या, एक आकडा आठवेल तर शपथ. साहेबांचे फोनवर फोन, आणि मी आपली "चाललंय, चाललंय" म्हणतेय. शेवटी निवांतरावांना विचारलं, कपाटावरचं लेबलही खरवडलंत का? ते मान खाली घालून म्हणाले, "रागावू नका मॅडम, तेवढं एक राहिलंय. चहा आला होता." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं! तो आकडा यंत्राला हाताने दिला आणि एकेक भाडेकरू डोळे चोळत उठला. आता दुसरा डीएनएस वेगळ्या यंत्रावर बसवलाय. सोमवारी कुणाला काही कळलंसुद्धा नाही. साहेबांनी शब्द पाळला, ऑर्डर हातात आहे.

तुझीच,
शिस्तप्रिय भाची

ता. क. ऑर्डर हातात आहे, पण होकार दिलेला नाही. ती कचेरी इथून रात्रभराच्या प्रवासावर, आणि बाबांना एकटं टाकून पाय निघत नाही. तुमचं दोघांचं तासभरही पटत नाही हे ठाऊक आहे, तरी तू इथे येऊन राहशील का? खरं तर हेच विचारायला बसले होते, वर उगाच सर्व्हर सांगत सुटले.

ता. क. २. बाबांना यातलं काही माहीत नाही. कळलं तर घर डोक्यावर घेतील.

ता. क. ३. पाकीट चिकटवताना बाबा आले, सांगावंच लागलं. म्हणाले, "तिला स्पष्ट लिही, मला कुणाची गरज नाही." आणि तरातरा निघून गेले. आता मागच्या खोलीतून पलंग सरकवल्याचा आवाज येतोय. लवकर कळव गं, एकट्याने ओढून त्यांची कंबर धरेल.