बन्सीलालचा पुढा

भांडे गल्ली, जळगाव
५ डिसेंबर २०२४

बन्सीलालभाऊ यांस,

गिरधरचा नमस्कार. तुमची आणि चिरंजीव ललितच्या घरच्यांची तब्येत बरी असेल असं धरून चालतो, कारण विचारायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. फोन केला तर वाजून वाजून बंद पडतो. मेसेजवर निळ्या खुणा येतात, म्हणजे डोळे शाबूत आहेत. म्हणून हे पाकीट पोस्टात टाकतोय. आलेलं पाकीट फोडल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही, एवढं मी तुम्हाला ओळखतो.

पत्रास कारण एक नाही, पन्नास आहेत, आणि ती सगळी तुमच्या बंद शटरसमोर येऊन पडलेली आहेत.

तुम्ही गेल्यानंतर गल्लीची काय दशा झाली ते ऐका. दिवाळीआधी पाइप टाकायला रस्ता खोदला. पाइप टाकले, माती वर लोटली आणि माणसं जी गेली ती गेली. थंडीत धूळ खाली बसायचं नाव घेत नाही. माझी स्टीलची भांडी सकाळी पुसावीत तर दुपारपर्यंत ती पितळेची वाटायला लागतात. महापालिकेत निवेदन घेऊन गेलो. साहेब म्हणाले, "एक पाऊस पडू द्या, माती आपोआप बसेल." डिसेंबर महिन्यात! मी हात जोडले आणि परत आलो.

शेवटी व्यापारी मंडळाने ठरवलं, रस्ता त्यांचा त्यांना लखलाभ, फुटपाथ आपण करून घेऊ. परवानगी काढली, सिमेंटचे लाल-राखाडी ब्लॉक मागवले. कौतिकशेठ रंगवाले अध्यक्ष, मी सचिव. अध्यक्ष म्हणजे हार घालून घ्यायचा आणि सचिव म्हणजे शिव्या खायच्या. ब्लॉक बसून दोन दिवस झाले नाहीत तोच त्यावर गुटख्याच्या पिचकाऱ्या, मोटारसायकली, आणि साडीवाल्याच्या त्या मुंडकं नसलेल्या पुतळ्या. माणसाने चालायचं कुठे? तर रस्त्यावर, धुळीत.

ब्लॉक बसवायची रीत तुमचीच. शहाबादी फरशीच्या वेळी पानवाल्याशी भांडून तुम्हीच तो नियम केला होता: ज्याचं दुकान त्याचा पुढा, आणि पुढा जो बसवील तो त्याचा धनी. त्याप्रमाणे प्रत्येकाने आपापल्या दुकानापुढचे ब्लॉक बसवून घेतले. राहिला एकटा तुमचा. जुनी फरशी खोदकामात गेली, तिथे आता नुसती माती आहे, बाजूच्या ब्लॉकपेक्षा चांगली वीतभर खोल. अख्ख्या गल्लीच्या तोंडात पुढचा एक दात पडल्यासारखं दिसतं.

आणि कचरा! आपल्याकडे झाडायचं कसं, तुम्हाला माहीत आहे. कौतिक झाडतो आणि माझ्याकडे ढकलतो, मी तुमच्याकडे ढकलायचो, तुम्ही पलीकडे. पुढे तो कुठे जायचा, देव जाणे. आता तुमच्या पुढ्यातून पलीकडे ढकलणारा कुणी नाही, त्यामुळे सगळ्या गल्लीचा कचरा तिथे येऊन मुक्काम करतो. महापालिकेची चमेलीबाई म्हणते, "मना झाडू रस्तापुरता. पुढा ज्याना त्याना." म्हणून रोज सकाळी मी माझा पुढा झाडतो आणि मग तुमचाही. एक कुत्री तिथे व्यायली आहे, तिच्या पिल्लांना उचलून बाजूला ठेवून झाडावं लागतं.

वर तुमची गिऱ्हाइकं. थंडी पडली की ती माझ्या डोक्यावर. "गादीवाले आबा कुठे गेले? रजई भरायची होती." मी सांगतो, धुळ्याला देवपुरात, मुलाच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकतात. लोकांना पटत नाही. मलाही पटत नाही.

परवाच्या बैठकीत कौतिकने विषय काढला. म्हणे, बन्सीलाल काही येत नाही, मंडळ त्याचा पुढा बसवून टाकेल आणि तिथे स्वेटरवाल्याची गाडी लावू. मी उभा राहिलो आणि चांगलं सुनावलं. पुढा बन्सीलालचा आहे, तो येईल तेव्हा बसवेल, तोवर कुणी हात लावायचा नाही. संक्रांतीपर्यंत मुदत मिळवली आहे. मंडळाने एकदा तो बसवला की तुमचा त्यावरचा हक्क गेला, आणि गाडीमागचं दुकान काय उघडणार तुम्ही?

घरी हे सांगितलं तर तुमची वहिनी सुनंदा म्हणाली, "जो मानूस सांगीसन बी गया नही, त्याना पुढा तुम्ही कसाले झाडतस?"

मी म्हटलं, घाण आपल्या दुकानात येते म्हणून.

दोन दिवस भुसावळला लग्नाला गेलो होतो मी. परत येऊन पाहतो तर शटरला कुलूप. तीस वर्षं एका भिंतीला पाठ लावून धंदा केला आणि तुम्ही गेल्याचं मला पानवाल्याने सांगितलं. असो. तो विषय मला काढायचा नव्हता.

संक्रांतीच्या आत काय ते कळवा.

आपला,
भिंत अजून तरी एकच असलेला,
गिरधर


भांडे गल्ली, जळगाव
२७ डिसेंबर २०२४

बन्सीलालभाऊ यांस नमस्कार.

उत्तर नाही. ठीक आहे. मी आपला लिहीत राहतो, पोस्टमनला तरी काम.

गेल्या रविवारी फुटपाथाचं उद्घाटन झालं. कुणाला बोलवायचं यावरून तीन बैठका झाल्या, चौथ्या बैठकीत ठरलं की कुणालाच नको, भरीत करू. इथवर अक्कल शाबूत होती. पुढचं ऐका. बामणोदची वांगी आली, चांगली हातभर लांब. कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचा भारा आला. आणि कौतिकने फर्मान काढलं की जाळ नव्या ब्लॉकवरच करायचा, फोटो चांगला येतो. त्यासाठी सकाळीच ब्लॉक पाण्याने धुऊन घेतले होते. ओल्या सिमेंटवर पऱ्हाटीचा जाळ! तुम्ही असता तर तिथल्या तिथे त्याच्या हातातून काडेपेटी हिसकून घेतली असती. मी सचिव, मी वांगी मोजत होतो.

पाच मिनिटांत फटाका वाजावा तसा पहिला ब्लॉक फुटला. मग दुसरा. साडीवाला उडी मारून आपल्या पुतळ्यांमागे लपला. वांगी जाळात, ब्लॉक उडतायत, आणि कौतिक ओरडतोय, "पाणी टाका!" आणि लगेच "पाणी टाकू नका!" शेवटी मीच बांबू घेतला आणि म्हटलं, जाळ बन्सीलालच्या पुढ्यात ओढा, तिथे माती आहे. आम्ही चौघांनी सगळा जाळ ओढत तुमच्या खड्ड्यात नेला. उरलेली वांगी तिथेच भाजली. कौतिकच्या दुकानासमोरचे सात ब्लॉक तडकून काळे पडले. फुटपाथ वापरायच्या आधीच जाळणारी पहिली गल्ली आपलीच असेल.

भरीत बरं झालं होतं म्हणतात. ठेचायला तुमच्यासारखा हात कुणाचा नाही, आणि मिरची कमी पडली. पुऱ्याही कमी पडल्या, ते जाऊ द्या.

तेव्हापासून तुमचा पुढा म्हणजे शेकोटीची जागा झालाय. सकाळी हमाल, रिक्षावाले, चमेलीबाई, सगळे तिथे हात शेकत उभे असतात. मी उशिरा येतो हल्ली, अकराला दुकान उघडतो. चहा स्वतःच करून पिऊन येतो, त्यात रोज काहीतरी विसरतो, काल साखर विसरलो. गल्लीत माझ्याशी कुणी वाद घालत नाही सध्या. सगळे गोड बोलतात. त्याचाच मला संताप येतो.

कौतिकबद्दल बरंच वाईट लिहायचं मनात होतं. पण ते आता नको.

घरचं सगळं ठीक. सुनंदाचा पाय जरा दुखतो, थंडीचं चालायचंच.

संक्रांत जवळ आली आहे, एवढं लक्षात असू द्या. मुदत मी मागून घेतलेली आहे, माझी मान अडकली आहे त्यात.

आपला,
गिरधर


भांडे गल्ली, जळगाव
१८ जानेवारी २०२५

बन्सी,

तुझं कार्ड मिळालं. सहा महिन्यांनी माणूस लिहितो आणि त्यात दोन ओळी! "तू समोर असतास तर कुलूप लावता आलं नसतं. पत्रात वहिनींचं नीट काही लिहिलं नाहीस, काय झालं?"

गल्लीचं पुराण मी चार पानं लिहिलं, ब्लॉक, कुत्री, कौतिक, भरीत, आणि तुला नेमकं तेच दिसलं जे मी लिहिलं नव्हतं. आता तुम्ही-आम्ही करण्यात अर्थ नाही. सांगतो.

भरिताच्या त्या संध्याकाळी पुऱ्या आमच्या घरी तळल्या होत्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांची परात कमरेवर घेऊन सुनंदा मागच्या बोळातून आली. निघताना तिला सांगितलं होतं की जाळ कौतिकच्या दुकानासमोर आहे. ती आली तेव्हा तो तुझ्या पुढ्यात होता. समोर धूर, डोळ्यांत उजेड, पायाखाली नवे सपाट ब्लॉक. ती जाळाच्या रोखाने चालत आली आणि ब्लॉक जिथे संपतात तिथे पाय खाली गेला. परात एकीकडे, ती एकीकडे. खुब्यापाशी मांडीचं हाड मोडलं. म्हणून पुऱ्या कमी पडल्या.

खड्डा मी राखलेला होता. जाळ मी ओढला होता.

गाडी कौतिकने आणली. तिला उचलताना शाल त्याने अंथरली, ऑपरेशन होईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी तो बसून होता. "मी सांगितलं होतं" एवढं एक वाक्य त्याने म्हणायला हवं होतं. म्हणाला नाही. मी त्याला आयुष्यात इतक्या शिव्या घातल्या आहेत की त्याचं ते गप्प बसणं मला सोसेना.

पहिले काही दिवस मी सगळा राग तुझ्यावर काढला. मनातल्या मनात, दवाखान्याच्या जिन्यात, तुला नाही नाही ते बोललो. चोरासारखा पळून गेलास, तुझ्या खड्ड्याने माझ्या बायकोचा पाय घेतला. मग एकदा तिच्या पायथ्याशी बसलो असताना स्वतःलाच विचारलं की गिरधर, तो खड्डा तू बुजू का दिला नाहीस? कचऱ्यामुळे नाही, नियमामुळे नाही. पुढा मोकळा आहे तोवर तू येशील असं मला वाटत होतं. बासष्ट वर्षांचा माणूस, तीन नातवंडांचा आजोबा, आणि असलं काहीतरी धरून बसलो.

आणि कुलूप लावता आलं नसतं म्हणे! अरे, मग मला बोलवायचं होतंस. मी शटर ओढलं असतं, तू कुलूप घातलं असतंस. दोघं तिथेच पायरीवर बसून रडलो असतो आणि पानवाल्याने फुकट चहा पाजला असता. मी भुसावळला गेल्याचं पाहून मागे कुलूप लावण्यापेक्षा ते बरं नव्हतं का?

सुनंदा आता घरी आहे. वॉकर धरून मोरीपर्यंत जाते. डॉक्टर म्हणतात चालेल, वेळ लागेल. तुझं नाव तिने घरी आल्यावर पहिल्याच दिवशी काढलं. मी घाबरलो. ती म्हणाली, "पहिले तो खड्डा बुजा. बन्सीभाऊ येवोत का नको, आखो एखादी बाई तठे पडाले नको." मी म्हटलं, मुदत संक्रांतीपर्यंत आहे. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चप्पल घालून बाहेर पडलो.

पण खरं सांगतो, तरीही मी संक्रांतीपर्यंत थांबलो. खड्ड्याभोवती दोरी बांधली, लाल फडकी लावली आणि थांबलो. तुझं कार्ड नेमकं संक्रांतीच्या दिवशी आलं. त्यात येतो असं कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ब्लॉक बसवले. मंडळाने नाही, मी. कुत्रीची पिल्लं माझ्या दुकानात भगोण्यांमागे हलवली. कौतिक न बोलावता आला, रांग सरळ यावी म्हणून दोरीचं एक टोक त्याने धरलं, एक मी. संध्याकाळी हात झटकत म्हणाला, "स्वेटरवाल्याच्या गाडीचं पाहू पुढे." शेकोटीवाल्यांनी मला दोन दिवस शिव्या दिल्या आणि तिकडे रस्त्यावरच्या मातीत जागा शोधली. चला, त्या खोदलेल्या रस्त्याचा कुणाला तरी उपयोग झाला.

तर आता नियम आठव, तुझाच आहे. पुढा जो बसवील तो त्याचा धनी. तेव्हा तुझा पुढा आता माझा आहे. अख्खी गल्ली साक्षीला आहे, आणि मी तो फुकट सोडणार नाही.

त्याची किंमत ऐक. धाकटी मुलगी झाली तेव्हा तू सुनंदाला रजई भरून दिली होतीस, ती अजून आहे. कापूस सगळा एका बाजूला गोळा झालाय, दुखऱ्या पायावर नुसतं कापड येतं. मी बाजारातून चांगलं मऊ ब्लँकेट आणलं. तिने एक रात्र घेतलं आणि सकाळी पायाने ढकलून दिलं. "याले वजनच नही. आंगवर काही शे असं वाटतच नही." शहरात रजई पिंजून भरणारे दुसरे आहेत, मी नाव काढलं. तर म्हणते, "बन्सीभाऊनी भरेल शे. तेच उसवतीन." आणि वर असंही म्हणाली की तू आलास तर आधी तिच्यासमोर उभं करायचं. आधी ती बोलणार, मग मी चहा पाजायचा.

कापूस आणून ठेवलाय, धरणगावचा, लांब धाग्याचा. तुझ्या कुलपात काल तेल सोडलं, गंजलं होतं. किल्ली तुझ्याकडेच असेल.

रजई भर आणि पुढा घेऊन जा. मग शटर पुन्हा लावायचं असेल तर लाव, या वेळी मी समोर उभा राहीन. थंडी अजून महिनाभर आहे, आणि तिला रात्री पायाला फार गार लागतं.

तुझ्या पुढ्याचा सध्याचा मालक,
गिरधर