गच्चीवरचा लाल माठ

मुलुंड (पूर्व), ६ जानेवारी २०२५

चि. गंधाली हिस, आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आमच्या सुबोधचं ऑफिस तुझ्या लॅबच्याच गल्लीत, म्हणून त्याच्याबरोबर हे पत्र आणि लाल माठाच्या दोन जुड्या पाठवतेय. हिरव्या दोऱ्याची जुडी माझी, गच्चीवरची. रबरबँडवाली सूनबाई दर्शनाने स्टेशनजवळून आणलेली. फोन करू नकोस. माझ्या कानांची कथा तुला ठाऊक आहे, आणि फोन हल्ली सूनबाईच उचलतात.

भांडण असं आहे. दर्शना म्हणते, भाजी ती भाजी. मी म्हणते, खत-औषध न मारलेली भाजी वेगळीच. श्रुतिकाला पाच पूर्ण झाली, पण नातीचे हातपाय बघशील तर काड्या. म्हणून रोज दुपारी मी तिच्यासाठी माझ्या माठाची वाटी काढून ठेवते, दर्शना भरवते. गुलाबी भात म्हणून खाते बिचारी. तू लोकांच्या मसाल्यांत काय काय शोधत असतेस, तर एकदा या दोन जुड्यांत लोह किती, कॅल्शियम किती ते मोजून लेखी दे. कागद फ्रिजवर लावणार आहे.

आणखी एक, मनात ठेव. हे जाऊन मार्चमध्ये वर्ष होईल. पण सकाळी पाणी घालायला गच्चीवर गेले की मला दिसतात. पाठमोरे, वाफ्यावर वाकलेले. जवळ गेले की नसतात. भीती नाही वाटत, बरंच वाटतं. बाग त्यांनी उभी केली, मग येणारच.

लग्नाचं विचारत नाही, म्हणजे विचारलं असं समज. आत्याला विसरू नकोस.

तुझी,
जयंतीआत्या

अंधेरी (पूर्व), १६ जानेवारी

ती. आत्यास, शि. सा. नमस्कार. वि. वि.

आधी तुझी मॅच. दोन्ही जुड्या धुतल्या, वाळवल्या, भट्टीत राख केली आणि राखेतले क्षार मोजले. लोह जवळजवळ सारखं, दर्शनाच्यात चिमूटभर जास्तच. कॅल्शियम, मॅग्नेशियम बरोबरीत. जस्त तुझ्या माठात थोडं वर. खत कुठलं घातलं यापेक्षा माती कसली आणि भाजी कधी खुडली यानेच जास्त फरक पडलेला मी पाहिलाय. तेव्हा फ्रिज रिकामाच राहू दे.

आता पुढचं बसून वाच. आमचं यंत्र त्याच फेरीत बाकीचे धातूही मोजतं. तुझ्या माठात शिसं निघालं, परवानगी आहे त्याच्या सहापट. दर्शनाच्या जुडीत नावालासुद्धा नाही. माझा विश्वास बसेना म्हणून तीनदा केलं, आकडा हलला नाही. शिसं दिसत नाही, चवीला लागत नाही, शिजवून जात नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट. आत्या, आजपासून त्या वाफ्यातलं एक पानही कुणाच्या ताटात जाता कामा नये.

आतोबांनी माती कुठून आणली होती? डबाभर पाठव. आणि श्रुतिकाचं रक्त तपासायला हवं. दर्शनाला तू सांग. बुधवारपर्यंत सांगितलं नाहीस तर मी सुबोधला फोन करेन. दुसरा इलाज नाही.

रागव हवं तर, माया मात्र पातळ करू नकोस.

तुझी,
गंधाली

मुलुंड, १८ जानेवारी

चि. गंधाली हिस, आशीर्वाद.

पहिल्यांदा म्हटलं, यंत्र चुकलं असेल. दुसऱ्यांदा वाचलं आणि माती आठवली.

हे ज्या बॅटरीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं होते, त्याच्या कुंपणाशी उंबर होता. खंडेनवमीला सगळी यंत्रं धुवायचे, पूजा करायचे आणि ते धुवणाचं पाणी तीर्थ म्हणून उंबराच्या आळ्यात ओतायचे. दरवर्षी, न चुकता. कारखाना बंद झाला तेव्हा कामगारांनी उंबराखालची माती वाटून घेतली. ह्यांनी टेम्पोतून सहा पोती आणली. म्हणाले, जयंते, हा माझा प्रसाद. मी हळदकुंकू वाहिलं गं त्या पोत्यांना.

आणि हेच ते, ज्यांना पाळी संपली की कंपनी गुळाचा खडा द्यायची, शिसं उतरावं म्हणून. दारातच अंघोळ करायचे, मग सुबोधला उचलायचे. जन्मभर जे घराबाहेर ठेवलं ते प्रसाद म्हणून घरात आणलं.

आता जे लिहिते ते कुणाला माहीत नाही. जायच्या आधी दोन महिने हे गच्चीवर जाऊन रोपं उपटायचे. मुठी भरभरून. विचारलं तर बोलता यायचं नाही नीट, नुसती मान हलवायचे. म्हटलं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. ओरडले त्यांना, आणि गच्चीची किल्ली काढून घेतली. मग दाराशी बसून राहायचे.

आता सकाळी दिसतात तेव्हा मी हातांकडे बघते. आजवर वाटायचं, माती सारखी करतायत. काल नीट पाहिलं. उपटतायत.

माठ बंद केलाय, मातीचा डबा कुरिअरने येतोय. पण दर्शनाला कोणत्या तोंडाने सांगू? हट्ट माझा, वाटी माझी. थोडे दिवस दे. एवढं ऐक.

जयंतीआत्या

अंधेरी, २० जानेवारी

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

माती आज मोजली. आकडा लिहीत नाही, तुला झोप लागणार नाही. ती हाताने उकरू नकोस, वाफे प्लास्टिकने झाकून ठेव. न्यायला गाडी मी ठरवते, कचऱ्यात टाकायची नाही.

आतोबांना कळलं होतं का, हे मला सांगता येणार नाही. शिसं मोजता येतं, हे नाही. बोट धरून मला पहिल्यांदा आरे कॉलनीत म्हशी दाखवणारे ते, जाणूनबुजून काही करणार नाहीत एवढं मी शपथेवर सांगेन.

बुधवार बदलणार नाही, आत्या. तू आतोबांच्या हातून किल्ली घेतलीस, कारण तुला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. तुझं आणि सुबोध-दर्शनाचंही रक्त तपासा.

मी तुझ्याच बाजूची आहे, हे धरून ठेव.

गंधाली

मुलुंड, ६ फेब्रुवारी

चि. गंधाली हिस, आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या बुधवारची वाट न बघता मंगळवारीच सांगितलं. दर्शना ऐकत होती तोवर गॅसवरचं दूध उतू गेलं, दोघींपैकी कुणी हललं नाही. मग तिने चपला घातल्या, पोरीला उचललं आणि थेट डॉक्टरांकडे गेली. सुबोध त्या रात्री बाहेरूनच जेवून आला. त्याचं बरोबर आहे.

परवा रिपोर्ट आले. श्रुतिकाचं शिसं हवं त्यापेक्षा जास्त आहे, पण थोडं. डॉक्टर म्हणाले, खाणं बंद झालंय, आता आपोआप उतरेल, महिन्याने परत बघू. रोज खाऊन एवढंच कसं, याचं त्यांना नवल वाटलं. तेव्हा दर्शना रडायला लागली. पोरीच्या पोटात दुखायचं म्हणून हिने आठवड्यातले चार-पाच दिवस माझी वाटी सिंकमध्ये ओतली होती आणि बाजारचा माठ भरवला होता. रंग सारखाच, म्हातारीला काय कळतंय! माझं मन मोडू नये म्हणून वर्षभर खोटं वागली, आणि त्या खोटेपणाने माझी नात वाचली. मी तिचे पाय धरायला वाकले तर अगं आई म्हणून ओरडली. माझा आकडा नातीच्या तिप्पट आहे. आता ती समोर बसून मला औषधाच्या गोळ्या गिळायला लावते.

तुझी गाडी काल येऊन माती घेऊन गेली. आज सकाळी गच्चीवर गेले. फरशी धुऊन कोरडी पडलेली. बराच वेळ उभी राहिले. कुणी नव्हतं.

अकरा महिने मी समजत होते, माझ्या ओढीने येतात. ते माझ्यासाठी येत नव्हते गं. पोरीसाठी येत होते. काम झालं आणि गेले, जाताना मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

जमेल तेव्हा ये, आणि येशील तोवर लिहीत राहा. घरात आता फार शांत आहे.

तुझी,
जयंतीआत्या