मंडपात न आलेल्या बाया

मिरजगाव,
६ जानेवारी २०२६

चि. प्रज्ञा हिस मामाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुमच्या आरोग्य खात्यानं गावात बायांची रक्ततपासणी केली, तिला काय खर्च आला विचारशील, तर मंडप घरचा, भोंगा घरचा; खर्ची पडला तो माझा घसा. चार दिवस आवाज नाही, म्हणून फोनऐवजी पत्र. घरचे म्हणतात, असंच राहू द्या.

पण काम बघ. मांडलेल्या खुर्च्या अकराच्या आत भरल्या. गावातली एक बाई सुटली नाही, असं तुझ्या साहेबांना माझ्या नावानं सांग. मंडपाच्या धंद्यात खुर्च्या उचलत मोठा झालोय, गर्दी मला कळते.

निकाल कळव. माया आहे तशी असू दे.

तुझा,
रखमाजीमामा

अहिल्यानगर,
१२ जानेवारी २०२६

ती. मामांस सविनय जयभीम, वि. वि.

साहेब खूश आहेत. तुमच्याकडे रक्त कमी असलेल्या बाया दहात दोनच निघाल्या. मी खूश नाही. एवढं धडधाकट गाव म्हटल्यावर लोहाच्या इंजेक्शनांचं शिबिर तिथून उचलणार; महिनाअखेर ठरेल. आणि आलेल्यांत दुकानवाल्या आहेत, मास्तरीणबाई आहेत, मजुरी करणारी मात्र शोधावी लागते.

मामा, तुमचे कान तिखट आहेत. भोंगा ऐकूनही कोण आलं नाही, तेवढा कानोसा घ्या. सिस्टरना किट घेऊन पुन्हा पाठवते. रागावलात तरी लोभ आटू देऊ नका.

आपली,
प्रज्ञा

मिरजगाव,
२४ जानेवारी २०२६

चि. प्रज्ञा हिस सप्रेम जयभीम, वि. वि.

आधी रागच आला. मग सकाळी मजुरांचा टेम्पो भरतो त्या चौकात जाऊन उभा राहिलो. कांदा खुरपायला निघालेल्या केशरबाईला विचारलं, तपासणीला का आली नाहीस. ती चढता चढताच म्हणाली, "भोंगा ऐकला की दादा. पन रोज बुडवून रगत दाखवाय कोन येतंय? तुमच्या खुर्चीत बसाया बी सवड लागती." सगळा टेम्पो हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार.

सिस्टर दोन सकाळी टेम्पोपाशीच बसल्या. तिथं दहात सहा जणींचं रक्त कमी. हा आकडा गेल्यावर शिबिर हलत नाही, असं त्या म्हणाल्या. आता मला सांग, गाव मंडपातलं खरं की टेम्पोतलं? मला तर दोन्ही अर्धीच वाटतात. शिवाय ऊसतोडीला गेलेल्यांची दारं दिवाळीपासून बंद आहेत. त्या बायांचं रक्त कुणालाच ठाऊक नाही, तेही अहवालात लिही.

मामीची माया तुला आहेच; माझ्यावरची तुझी टिकव.

तुझा,
रखमाजीमामा

ता. क. सिस्टर घरी चहाला आल्या, तेव्हा आपल्या सुनेचं, यशोधराचं, बोटही टोचलं. मंडपाच्या दिवशी ती तुमच्या माणसांचा स्वयंपाक करत होती. बारा हवं तिथं तिचं रक्त सात भरलं.