दादांची खोली आणि माझी पांघरुणं

आदरणीय दादा, आणि दादांचं पत्र आधी फोडणाऱ्या वहिनी,

नमस्कार. दादांचा गुडघा आणि वहिनींचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. आपल्याला न विचारता सगळे निर्णय घेतले जातात, ही आपल्या घराण्याची तक्रार तुम्हाला नव्यानं सांगायला नको. या वेळी ती फादरांविरुद्ध आहे. त्यांनी युद्धातून पळून आलेलं एक कुटुंब (नवरा, गरोदर बायको, लहान मुलगी) कुणालाही न विचारता चर्चच्या सभागृहात ठेवलं.

माझी मतं तुम्हाला ठाऊक आहेत. माणसाला आपल्या गावात सुखानं राहण्याचा हक्क आहे, आणि तिथे जीव धोक्यात आला तर दुसरीकडे आसरा मागण्याचाही. चर्चची ही शिकवण मी इतक्यांदा गरजून सांगितली आहे की, मी उभा राहिलो की माईकवाला बटणापाशी जाऊन थांबतो. बाळाला घेऊन परमुलखात पळालेलं पवित्र कुटुंब तर आपल्या वेदीशेजारीच उभं आहे. पण ते प्लास्टरचं आहे, दादा. ते संशयास्पद वागत नाही.

हे वागत होते. पिशवी कायम बांधून दाराशी. बसतानाही पायात बूट. मी दार उघडलं की तिघंही ताडकन उभी. काहीतरी लंपास करून निघायचा बेत, दुसरं काय? आता नुसतं डोकावणं माझ्यासारख्याला शोभत नाही, म्हणून दर खेपेला हातात एक पांघरूण नेऊ लागलो. ("अहो, इथे अंगाची लाही होतेय, पांघरुणं कसली वाटताय?" इति तुमची भावजय.) दर पांघरुणागणिक पिशवी फुगत गेली आणि पिशवीगणिक माझा संशय.

शेवटी त्यांची भाषा जाणणाऱ्या सिस्टरना साक्षीदार म्हणून नेलं. त्या बाईशी बोलल्या आणि हसू दाबत मला म्हणाल्या, "यांना वाटतंय तुम्ही सरकारी माणूस आहात. रोज येता, बघता, बोलत काही नाही, आणि या उकाड्यात पांघरुणं देता. म्हणजे कुठेतरी बर्फात हलवणार. कधी निघायचं, तेवढं विचारतायत." स्वतःचे कपडे बाहेर काढून त्यांनी पिशवीत माझी पांघरुणं भरली होती.

त्याच आठवड्यात सभागृहाचं छप्पर दुरुस्तीला निघालं. जागा मिळाली नाही तर यांची रवानगी शहराबाहेरच्या छावणीत, आणि बाईचे दिवस भरत आलेले. फादरांनी बैठक बोलावली. मी उठलो. देवानं पृथ्वी सगळ्यांसाठी दिली आहे, कुलूप घातलेली रिकामी खोली म्हणजे बेघराच्या अंगावरून ओढलेली चादर आहे, असं बोललो. टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू शांतपणे म्हणाल्या, "मग तुमच्या घरातली दादांची माडीवरची खोली कुलूप घालून कशाला ठेवलीय?"

मी म्हटलं, दादांनी ती केव्हाच देऊ केलीय.

तरी माडीच्या खोलीची किल्ली पाठवावी, ही नम्र विनंती.

तुमचा धाकटा

ता. क. किल्ली पाठवू नका. कुलूप तोडलं. वहिनींचं कपाट तोंड भिंतीकडे करून ठेवलं आहे. (संशय म्हणून नव्हे. बरं, थोडासा.)

आणखी एक ता. क. काल त्या बाईनं पांघरुणं घडी घालून परत केली आणि रिकामी पिशवी खिळ्याला टांगली. तिघांचे बूट दाराबाहेर होते. रविवारी फादर भर चर्चमध्ये तुमचे आभार मानणार आहेत. तेव्हा एकच करा. खोली तुम्ही स्वखुशीनं दिलीत, अशा चार ओळी फादरांना आजच्या आज लिहा, आणि वर तारीख गेल्या महिन्याची घाला.