गावची फणसपोळी

प्रिय दादा,

उद्या संध्याकाळी मुलुंडला, आपल्या चाळीच्या हॉलमध्ये मला बोलायचंय. तुझ्या सेंटरवरच्या सलीमभाईंचा फोन आला, "नशा करणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका, हे दादा सगळीकडे सांगत फिरला. त्याच्या स्वतःच्या चाळीत सांगायचं राहिलंच. आता तू सांग." मी हो म्हटलं. भाषण सात वेळा लिहिलंय. एकही वाक्य खोटं नको ना!

खरी भीती खालच्या सुलभाकाकूंची. त्या पहिल्या रांगेत बसणार. त्यांना अजून वाटतं, त्या वर्षी तू चार महिने गावाला होतास.

खिशातल्या गर्दच्या एका पुडीपायी तू तुरुंगात, आणि आई सांगतेय, "कणकवलीला गेलाय, काकांच्या मदतीला." तू सुटलास त्या दिवशी तिने मार्केटातून फणसपोळी आणली, दुकानाची वेष्टनं काढली, वर्तमानपत्रात बांधली आणि माझ्या हाती दिली. "घरोघर दे. गावची म्हण." मी नऊ वर्षांची! काकूंनी तुकडा तोंडात टाकला. "गावची चवच वेगळी गं!" तू जिन्यात हसून हसून खाली बसलास.

शाळेच्या आधी मला पाटीवर अक्षरं तू शिकवलीस. खोटं बोलू नये, हेही तूच. मग त्या दिवशी जिन्यात मला डोळा कसा मारलास रे?

पुढे साकीनाक्याला, नशा करणाऱ्यांना मदत करणाऱ्या सेंटरवर तू कामाला लागलास. लोक ज्याला गर्दुल्ला म्हणून हाकलायचे, त्याला तू म्हणायचास, "या शिंदेसाहेब, आधी चहा." मधूनमधून स्वतः घसरायचास, तेही लपवायचा नाहीस. "आजारी माणसाला डॉक्टर लागतो गं, हवालदार कशाला?"

आणि शेवटच्या तापात स्वतः मात्र डॉक्टरकडे गेला नाहीस! "हातावरच्या सुईच्या खुणा बघून पोलिसांना कळवतील." दुसऱ्यांना ओढत न्यायचास ना? मग? मी अजून रागावलेय. पण तुझी भीती उगाच नव्हती, म्हणून सगळा राग तुझ्यावर काढता येत नाही.

काल आईला विचारलं, "सांगू?" ती मेथी निवडत होती. "सांग. मीपण येते. सुलभाला मी फसवलंय, तू नाहीस." निवडलेली मेथी बाजूला सारून म्हणाली, "येताना फणसपोळी आण."

तर दादा, वचन. उद्या तुझं नाव, ती पुडी, तो तुरुंग, तो ताप, सगळं सांगेन. मग फणसपोळी वाटेन, वेष्टनासकट. काकूंनी विचारलंच तर म्हणेन, "मार्केटची आहे, काकू. तेव्हाचीही मार्केटचीच होती."

तुझी पहिली विद्यार्थिनी,
मनू