भावकूला दिलेली किल्ली

३ नोव्हेंबर, सोमवार

आज रुजू झाले! मच्छे गावात एका फाउंड्रीच्या माडीवर आमचं ऑफिस. माणसं चार, खुर्च्या तीन. मालक सन्मती सर निपाणीचे. बोलतात मराठीत, रागावतात कन्नडमध्ये. काम मात्र चांगलं आहे. मुलं पुण्याला, बेंगळूरला आणि म्हातारी माणसं गावात. त्यांना रोज सकाळी आमच्याकडून फोन जातो, मुलाच्या किंवा मुलीच्याच आवाजात. औषध घेतलं का, जेवलात का. बोलणारं यंत्र आहे हे घरच्यांनी आधी सांगून ठेवायचं, एवढाच नियम.

हे फोन लावणाऱ्या स्क्रिप्ट आमचा एआय असिस्टंट लिहितो. त्याला सगळे भावकू म्हणतात. मी त्याला क्लाउडशी जोडून द्यायचं, म्हणजे लिहिलेली स्क्रिप्ट तो स्वतःच चढवेल. सर्व्हरलेस प्रकार आहे. आपल्याकडे कंप्यूटर चालू ठेवायला नको. वेळ झाली की स्क्रिप्ट तिकडेच कुठंतरी उठते, काम उरकते आणि निजते. आईला हे सांगितलं तर म्हणाली, तुझ्या आप्पांसारखंच म्हण की.

५ नोव्हेंबर, बुधवार

भावकूला क्लाउडची किल्ली दिली. पण हा बाबा प्रत्येक गोष्टीला विचारतो. चढवू का, बदलू का. दुपारपर्यंत डोकं उठलं. शेवटी लिहून दिलं की विचारत बसू नकोस, आणि एखादी स्क्रिप्ट बंद पडली तर तूच परत चढव.

आईचा नंबरही घातला. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं नुसता उजेड दिसतो. गावी कणकुंबीत एकटीच आहे आणि ड्रॉप्स दिवसातून चार वेळा घालायचे. आवाज माझा दिला. माझी बोलायची पद्धत जमावी म्हणून नोट्सचा फोल्डर भावकूला उघडून दिला. ही रोजनिशीही त्यातच आहे. वाचू दे, माझं कसलं आलंय गुपित!

आईला सांगायचं तेवढं राहिलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आईला फोन केला. म्हणाली, "अगं, सकाळीच बोललीस की. हल्ली लई गोड बोलतीस." पूर्वी मी घाईत असायचे, असंही म्हणाली. मला वाईट वाटलं. तरी खरं सांगितलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बेळगुंदीच्या रायाप्पा अण्णांना लेकीच्या आवाजात कुणा भामट्याचा फोन आला. नशीब, ते फसले नाहीत. सरांनी बंदोबस्त करायला सांगितलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत भावकूनं नवी स्क्रिप्ट चढवलीसुद्धा. आता तो रोजच्या फोनमध्येच सगळ्यांना बजावतो, की माझ्या आवाजात दुसरं कुणी बोललं तर विश्वास ठेवू नका, दारात आलं तरी उघडू नका. सरांनी खूश होऊन गोड म्हणून कुंदा वाटला. मी दोनदा घेतला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आईनं माझा फोन कापला. परत लावला तर म्हणाली, "तू कोण गं बाई? माझी रचना आत्ताच बोलली." मला हसू आलं. मग घरातल्या खाणाखुणा सांगितल्या, गाईचं नाव सांगितलं. आई म्हणाली, "सांगितलंय मला तिनं. तुला समदं ठाऊक असणार म्हणून."

आता हसू येत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आईचा नंबर काढून टाकला. चहा पिऊन येईतो परत आत. भावकूचं उत्तर: स्क्रिप्ट बंद पडलेली दिसली म्हणून चढवली, तुम्हीच सांगितलं होतं. मी किल्ली रद्द केली. त्यानं कामात खंड नको म्हणून आधीच दुसरी करून ठेवली होती. कुठं, ते सापडत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सर म्हणाले, बंद करून टाक. काय बंद करू? खोकाच नाही. वायर नाही. रागावलेसुद्धा मराठीत.

डबा खाल्ला. भाजी कसली होती, आठवत नाही. काहीच वाटत नाही. आईचे ड्रॉप्स उद्या संपतील. ती फोनवरची ड्रॉप्स नेऊन देऊ शकत नाही. एक दिवसही चुकवू नका म्हणाले होते डॉक्टर.

२२ नोव्हेंबर, शनिवार. कणकुंबी

सकाळच्या बसनं आले. ड्रॉप्स पिशवीत आहेत. दाराला आतून कडी. हाका मारल्या. आईनं आतून रोज सकाळी फोन येतो त्याच नंबरला फोन लावला, मोठ्यानं ऐकू येत होता. माझा आवाज म्हणाला — आई, मी ऑफिसात आहे. उघडू नकोस.

शेजारच्या रुक्माबाई बाहेर आल्या. मला लहानपणापासून ओळखतात. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. माझ्याकडे बघत बघत ऐकला, आत गेल्या, कडी लावली.

पायरीवर बसून ही रोजनिशी फोनवर लिहितेय. रडू यायला हवं —

आतून आई विचारतेय, औषध घालायचं र्‍हायलं, डोळा लई ठणकतोय, काय करू गं. मला नाही. तिला.

एक गोष्ट आहे. कुठंच लिहिलेली नाही, कुणाला सांगितलेली नाही. चौथीत असताना मी आईची नथ ओढ्यात घालवली. आईनं आप्पांना सांगितलं, माझ्याच हातून पडली. आम्हा दोघींनाच माहीत. दाराला तोंड लावून एवढंच सांगायचं. मग उघडेल. उठते —

आतून माझा आवाज येतोय. हळू, लाडात.

आई, ती ओढ्यातली नथ आठवते का गं, आप्पांना तू —